चित्रचकती-परिशिष्ट-मीमांसा

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. त्यास अनुसरून प्रस्तुत शास्त्राचा विषय असा: चित्रपटाच्या घरगुती चकतीवर मूळ चित्रपट वगळून जे जे मुद्रित असते ते सर्व, ज्यास लोकव्यवहारात 'बोनस', 'एक्स्ट्रा' किंवा 'स्पेशल फीचर्स' म्हणतात. प्रयोजन, तद्विषयक अज्ञानाचा निरास. संबंध, प्रतिपाद्य-प्रतिपादकभाव. आणि अधिकारी तो, ज्याने हाती रिमोट असता व त्यातील सेल चालू असता पडद्यावरील कायदेशीर इशारा अथपासून इतिपर्यंत वाचला आहे. इशारा पुढे ढकलण्यात जो यशस्वी झाला त्यास येथे अधिकार नाही. त्याचा प्लेअर स्वस्तातला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

चित्रपटांवर ग्रंथ उदंड झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तेथे फितींची निगा योग्य तापमानात राखली जाते. परंतु डीव्हीडीच्या मेनूमागे अर्ध्या मिनिटाच्या अंतराने पुनःपुन्हा सुरू होणाऱ्या संगीताची निगा कोण राखीत आहे? ज्या संगीताने मराठी मध्यमवर्गाच्या एका संपूर्ण पिढीला रविवारच्या दुपारी निद्रा दिली, त्याच्या कर्त्याचे नावही श्रेयनामावलीत नसते. ही उपेक्षा दूर करण्यासाठी आमचा हा उपक्रम.

लक्षणप्रकरण

अतिरिक्तांगाचे लक्षण असे: 'चित्रपटाश्रितत्वे सति चित्रपटभिन्नत्वे च सति चकतीनिष्ठत्वम्.' जे चकतीवर आहे, जे चित्रपट नव्हे, परंतु चित्रपटाच्या आश्रयाने राहते, ते अतिरिक्तांग.

हे लक्षण वरवर निर्दोष दिसते. परंतु ओरखड्याच्या ठायी त्याची अतिव्याप्ती होते. ओरखडा चकतीवर असतो. तो चित्रपट नव्हे. आणि नायिका पत्र उघडते नेमक्या त्याच क्षणी तो प्रकट होत असल्यामुळे तो चित्रपटाश्रित नाही, असे कोणता विचारी मनुष्य म्हणेल? हीच आपत्ती अंगठ्याच्या ठशाची, आणि सीडी लायब्ररीवाल्याने चकतीच्या पाठीवर काळ्या मार्करने घातलेल्या क्रमांकाची. सबब लक्षणात 'प्रकाशकसंकल्पितत्व' हे विशेषण घालणे प्राप्त आहे: प्रकाशकाने जे हेतुपुरस्सर घातले तेवढेच अतिरिक्तांग.

विशेषण घालताच ओरखडा बाहेर पडतो, पण प्रेशर कुकरची जाहिरात आत येते. ती प्रकाशकाने हेतुपुरस्सर घातलेली असते, तिच्या हेतूविषयी तर कोणासच संशय नाही. येथे पूर्वपक्ष म्हणतो की, कुकर चित्रपटाच्या आश्रयाने राहत नाही, म्हणून तो आपोआप गळतो. उत्तरपक्ष विचारतो की, चित्रपट कुकरच्या आश्रयाने राहतो हे तरी कशावरून नाही? २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. ज्या किमतीत खुद्द चित्रपटच वरकड मिळाल्यासारखा वाटतो, तेथे आश्रय कोणता आणि आश्रित कोण, याचा निवाडा सोपा नव्हे. आम्ही कुकरास 'उपाश्रित' या स्वतंत्र कोटीत ठेवून पुढे जातो.

उत्पत्तिप्रकरण

१९७८ मध्ये अमेरिकेत लेसरडिस्क विक्रीस आली. तिचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढा. १९८४ मध्ये क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने या माध्यमात 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन चित्रपट काढले. चकतीवर एकाहून अधिक ध्वनिमार्गांची सोय होती. चित्रपटाला एक पुरत होता. 'किंग काँग'च्या उरलेल्या मार्गावर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-अभ्यासकाने चित्रपट सुरू असताना आरंभापासून अखेरपर्यंत निरूपण केले. भाष्यपरंपरेचा आरंभ येथून मानतात.

भाष्य जन्मले ते जिज्ञासेमुळे की जागा होती म्हणून? आम्ही निःसंदिग्धपणे जागेच्या पक्षाचे आहोत. माळा असला की अडगळ होते. अडगळ आहे म्हणून कोणी माळा बांधीत नाही.

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी अवतरली आणि जागेचा प्रश्न उग्र झाला. एका थरात ४.७ गिगाबाइट, दोन थरांत ८.५. शिवाय या चकतीच्या संहितेने आठ ध्वनिमार्ग, बत्तीस उपशीर्षकमाला आणि एकाच दृश्याच्या नऊ कोनांची अनुज्ञा दिली. यांपैकी नवकोनव्यवस्था विशेष चिंतनीय होय. घराघरातील रिमोटवर 'अँगल' नावाची कळ होती. ती दाबली असता पडद्यावर कॅमेऱ्याचे चिन्ह उमटे, किंवा काहीच होत नसे. ज्या कळेचा उपयोग कोणालाही ठाऊक नव्हता, त्या कळेवरील अक्षरे रिमोटच्या अंतकाळापर्यंत ठसठशीत राहिली, ही वस्तुस्थिती पुरातत्त्वज्ञांस उपयोगी पडावी.

शरीरप्रकरण

चकतीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२, मध्यछिद्र १५. छिद्रावर काहीही मुद्रित नसते, तथापि त्याच्यावाचून चकती फिरत नाही. ग्रामोफोनची सुई परिघाकडून केंद्राकडे जाई. चकतीचा किरण केंद्राकडून परिघाकडे जातो. यास अनुलोमगती म्हणावे. द्विस्तर चकतीत पहिला थर संपल्यावर किरण दुसऱ्या थरावर दृष्टी लावून बहुधा बाहेरून आत परततो, ही प्रतिलोमगती. दोहोंच्या संधीवर चित्र निमिषमात्र गोठते. या स्तरांतरविरामात घरोघरी 'अडकली' हा उद्गार निघतो, एक हात रिमोटकडे जातो, आणि तो पोहोचण्यापूर्वीच चित्र चालू होते. शास्त्राच्या दृष्टीने हा हात पूर्ण निर्दोष आहे.

व्हीसीडीचे शरीर निराळे. तिच्यात सुमारे ७४ मिनिटे मावतात. हिंदी चित्रपट एवढ्यात आटोपत नाही, म्हणून खंडविचार उद्भवतो. 'लगान' घ्या. त्याची लांबी २२४ मिनिटे. तीन चकत्यांची धारणा २२२. दोन मिनिटे उरतात. केवळ त्या दोन मिनिटांसाठी चौथी चकती काढावी, की दोन मिनिटे क्रिकेट कमी करावे? यास शेषद्वयसमस्या म्हणतात. तिचा परिहार पाल या दूरदर्शन-पद्धतीत आहे. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे, पालमध्ये २५. म्हणून फीत जशीच्या तशी पालमध्ये उतरवली तर ती सुमारे चार टक्के वेगाने धावते. २२४ मिनिटांची २१५ होतात. भुवन आणि त्याचे गडी नऊ मिनिटे लवकर जिंकतात, सर्वांचे आवाज किंचित पातळ होतात, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. लगानाचा विषय येथे आम्ही सोडून देतो. परंतु इतके निमूटपणे माफ झालेले दुसरे लगान इतिहासात आढळत नाही.

खंडांमुळे एका घरात दोन मध्यंतरे नांदू लागली: एक चित्रपटाचे, जे पडद्यावर अक्षरांनी जाहीर होते, दुसरे चकतीचे, जे बहुधा गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात येते. याविषयी स्मृती अशी की, पहिल्या चकतीच्या अंती ज्याने चहा केला त्याने दुसरीच्या अंती उठू नये. आणि चकती बदलण्यास जो उठला त्यालाच पंख्याचे बटण, खिडकी व दारावरची घंटा ही कर्तव्ये क्रमाने प्राप्त होतात.

भेदप्रकरण

अतिरिक्तांगे आठ प्रकारची.

(१) निषेधपट. चौर्यमुद्रणाच्या परिणामांची सूचना. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. हा पट पुढे ढकलू पाहिल्यास प्लेअर पडद्याच्या कोपऱ्यात निषेधाचे लहान चिन्ह दाखवतो. निषेधपटाचे मर्म असे की, तो केवळ त्यालाच दिसतो ज्याने चकती विकत घेतली. ज्याने चोरून उतरवली त्याच्या प्रतीवरून तो सर्वांत आधी वगळलेला असतो. धर्मोपदेश नेहमी धार्मिकांच्याच वाट्याला येतो, तसा हा प्रकार.

(२) द्वारपट, अर्थात मेनू. ज्यातून अतिरिक्तांगांकडे जायचे ते द्वार. येथे एक विलक्षण दोष घडतो. डब्याच्या पाठीवर विशेष आकर्षणांची यादी असते, आणि तीत पुष्कळदा पहिले आकर्षण 'इंटरॅक्टिव्ह मेनू' व दुसरे 'सीन सिलेक्शन' हे असते. म्हणजे घराच्या जाहिरातीत खोल्या मोजताना दरवाजाही मोजावा. तार्किकांनी यास आत्माश्रयदोष म्हटले आहे. तथापि ज्या चकतीवर दरवाजाखेरीज काहीच नाही, तिने काय करावे, याचे उत्तर तार्किकांनी दिलेले नाही.

द्वारपटाचा उपभेद गीतद्वार. हे भारतीय प्रज्ञेचे स्वतंत्र योगदान होय. पाश्चात्त्य चकती चित्रपट प्रकरणांत वाटते. भारतीय चकती प्रकरणांबरोबर गाण्यांची निराळी सूची देते, जीमुळे कथेचा स्पर्श होऊ न देता चित्रपट संपूर्ण पाहता येतो. काही कुटुंबांनी अशा रीतीने वर्षानुवर्षे पाहिलेल्या चित्रपटाचा खलनायक कोण, हे त्यांस आजतागायत ठाऊक नाही, आणि त्यांच्या रसास्वादात त्यामुळे न्यून आलेले नाही.

(३) त्यक्तदृश्ये. संकलकाने कापलेली दृश्ये, जी पाहिल्यावर संकलकाविषयी आदर वाढतो. त्यांचे चित्र फिके असते, कोपऱ्यात वेळदर्शक आकडे धावत असतात, पार्श्वसंगीत नसते. नायक आणि त्याचा मित्र गाडीत बसतात, गाडी निघते, दृश्य संपते. अभ्यासकाने यावर चिडू नये. न घेतलेल्या वळणांचे ज्ञान हेही ज्ञानच. फक्त ते कोठे उपयोगी पडते, एवढे विचारू नये.

(४) अन्यान्त. यात मूळ शेवट सोडून निराळा शेवट असतो. 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरचा स्वतः वध करतो, १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आग्रहाने बदलला गेला आणि ऐनवेळी पोलिस आले. पुढे घरगुती प्रतींतून मूळ शेवट फिरू लागला. परिणामी एकाच घरात गब्बर बैठकीच्या खोलीत मेलेला आणि आतल्या खोलीच्या दूरदर्शनवर जिवंत असू शकतो. या प्रकाराची पराकाष्ठा 'ब्लेड रनर'च्या २००७ मधील पेटीत दिसते: पाच चकत्या, पाच पाठभेद. पाठचिकित्सेची शिस्त भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या पेटीचे वेगळे समर्थन करावे लागत नाही.

(५) निर्मितिवृत्त. चित्रपट कसा झाला त्याचा वृत्तान्त. याचे दोन उपभेद: सत्य आणि स्तुती. सत्याचे उत्तम उदाहरण सत्यजित भटकळ यांचा 'चले चलो' हा 'लगान'च्या निर्मितीवरील माहितीपट, जो स्वतःच एक चित्रपट आहे आणि म्हणून या शास्त्राला अडचणीचा आहे: अतिरिक्तांगाचे अतिरिक्तांग मानावे काय? स्तुती या उपभेदात प्रत्येक जण प्रत्येकाविषयी 'कुटुंबासारखे वातावरण होते' असे सांगतो. आमच्या पाहण्यातील कोणत्याही कुटुंबात असे वातावरण नसल्यामुळे या विधानाचे प्रामाण्य आम्ही राखून ठेवले आहे.

(६) स्खलितसंग्रह. नट अडखळतात, हसतात, पुन्हा अडखळतात. पुढे.

(७) गुप्तधन. हे सूचीत नसते; शोधावे लागते. १९९९ च्या 'द मेट्रिक्स'च्या डीव्हीडीत चित्रपट चालू असताना मधूनच पांढरा ससा प्रकट होई, आणि तेव्हा कळ दाबणाऱ्यास पडद्यामागचा भाग दिसे. 'मेमेंटो'च्या विशेष आवृत्तीत याहून कठोर दीक्षा आहे. गाडीचे चाक बदलणाऱ्या स्त्रीची चित्रे उलट क्रमाने लावल्यास, उलटा सांगितलेला तो चित्रपट सुलट क्रमाने दिसतो. 'फाइट क्लब'च्या २००९ मधील ब्लू-रेवर तर आरंभी दुसऱ्याच एका चित्रपटाचा मेनू येतो, आणि दुकानदाराशी भांडायला निघालेल्या ग्राहकाच्या पायात एक चप्पल असताना खरा मेनू उघडतो. गुप्तधनाचा अधिकारी कोण? आमच्या मते ज्याच्याकडून रिमोट चुकून बुडाखाली दाबला गेला, तोच. हेतुपूर्वक शोधणाऱ्यास ते सापडते, पण त्यास प्रसाद म्हणता येत नाही.

(८) भाष्य. सर्व अतिरिक्तांगांत हे श्रेष्ठ, म्हणून शेवटी घेतले. भाष्यात चित्रपटाचे संवाद मंद होतात आणि दिग्दर्शकादी मंडळी त्यावर बोलतात. भाष्यकारांचे पुढील वर्ग आढळतात. स्मरणकार: 'त्या दिवशी फार थंडी होती' हे ज्याचे मुख्य प्रतिपाद्य. अनुवादक: पडद्यावर नायक दार उघडीत असता 'येथे तो दार उघडतो' असे सांगणारा. मौनी: जो स्वतःचाच चित्रपट पाहण्यात गुंगतो आणि वीस मिनिटांनी 'अरे, हो' म्हणतो. आणि कल्पितभाष्यकार, ज्याचे उदाहरण 'धिस इज स्पायनल टॅप': तेथे नट आपल्या भूमिकेतच राहून भाष्य करतात आणि चित्रपटाने आपली बदनामी केल्याची तक्रार करतात. पात्राने कर्त्यावर केलेले हे भाष्य मीमांसकांनी अवश्य पाहावे.

भाष्यांची संख्या किती असावी? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची विस्तारित आवृत्ती सुमारे साडेतीन तासांची, चार चकत्यांची, आणि तिच्यावर चार स्वतंत्र भाष्ये आहेत. चारही ऐकण्यास सुमारे चौदा तास लागतात, आणि संवाद ऐकू यावेत म्हणून चित्रपट एकदा निराळा पाहावा लागतो. आपल्याकडे एकाच सूत्रग्रंथावर अनेक आचार्यांची भाष्ये आहेत. परंतु ती सर्व एकाच रविवारी संपवण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती.

देशप्रकरण

चकती सर्वत्र चालत नाही. डीव्हीडीच्या प्रकाशकांनी पृथ्वीचे प्रदेश पाडले. अमेरिका व कॅनडा पहिल्यात, चीन सहाव्यात, आणि भारत पाचव्यात, जेथे त्याचे सहवासी रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया व आफ्रिकेचा बराच भाग. न्यू जर्सीच्या पुतण्याने डोंबिवलीस आणलेली चकती ट्रेमध्ये शिरते, फिरते, आणि प्रदेश चुकला असल्याचे निवेदन करून बाहेर येते. पुतण्याला व्हिसा मिळाला, चकतीला नाही. उलट दिशेस हा प्रश्न क्वचित उद्भवे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनास निघालेल्या बॅगेत मराठी नाटकांच्या ज्या चकत्या असत त्या पुष्कळदा सर्वप्रदेशीय किंवा साध्या व्हीसीडी असत, आणि व्हीसीडीला प्रदेशच नसतो. नाटके तिकडे गेली, चित्रपट इकडे आले नाहीत. सांस्कृतिक देवघेवीच्या इतिहासकारांनी याची नोंद घ्यावी.

आठवा प्रदेश मात्र तत्त्वज्ञानाचा विषय आहे. तो कोणत्याही भूमीवर नाही. विमाने आणि प्रवासी जहाजे यांसाठी तो राखीव. जी चकती आठव्या प्रदेशाची, ती आकाशात चालते आणि उतरताच निरुपयोगी होते. स्वर्गीय हे विशेषण इतक्या काटेकोर अर्थाने अन्य कोणत्याही वस्तूस लागू पडत नाही.

प्रदेशबंधनातून मुक्तीचा उपाय मंत्रशास्त्रात आहे. ट्रे उघडा ठेवून रिमोटवर विशिष्ट आकडे विशिष्ट क्रमाने दाबले असता अनेक प्लेअर सर्वदेशीय होत. हा मंत्र गुरुमुखातून मिळे. गुरू बहुधा लॅमिंग्टन रोडवर बसत. पुढे ब्लू-रेने प्रदेश तीनच केले आणि भारत व चीन यांस एका प्रदेशात आणले. सीमाप्रश्नावर याचा परिणाम झाल्याचे ऐकिवात नाही.

शुद्धिप्रकरण

चकती अडकू लागली की तिची शुद्धी करावी. याविषयी चार संप्रदाय.

परिघवादी चकती गोल गोल पुसतात. हा सर्वांत मोठा संप्रदाय. ज्या अर्थी वस्तू गोल आहे त्या अर्थी ती गोल पुसावी, असा त्यांचा सरळ युक्तिवाद. त्रिज्यावादी केंद्राकडून काठाकडे सरळ रेषेत पुसतात. शास्त्र त्रिज्यावाद्यांच्या बाजूस आहे. चकतीवरील माहिती एका अखंड सर्पिल वाटेवर असते. फडक्यातील कणाने आडवा ओरखडा पडला तर तो वाटेला क्षणभरच छेदतो, आणि तेवढी हानी भरून काढण्याचे गणित चकतीत आधीच योजलेले असते. त्याचा पाया रीड व सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडला. वाटेवाटेने गेलेला ओरखडा मात्र गणितास आवरत नाही. म्हणजे परिघवादी ज्या श्रद्धेने पुसतो त्याच श्रद्धेने तो चित्रपट नाहीसा करीत असतो. त्यास हे सांगितले असता तो अधिक जोर लावतो.

तिसरा संप्रदाय फुंकरवाद्यांचा. ते चकती तोंडाजवळ आणून श्वास सोडतात, मग सदऱ्याच्या टोकाने पुसतात. गंजिफ्रॉकवाद ही त्यांचीच शाखा. चौथा दंतमंजनवादी, जे ओरखड्यावर टूथपेस्ट घासतात. यात तथ्य आहे: पेस्टमधील सूक्ष्म घर्षक प्लास्टिकचा वरचा पापुद्रा घासून ओरखड्याच्या कडा सपाट करतात. तथापि लाल रंगाच्या आयुर्वेदिक मंजनाविषयी हा संप्रदाय अद्याप दुभंगलेला आहे.

शेजारच्या मुलांचा विचार या प्रकरणात करण्याचे आम्ही योजिले होते. जागेअभावी तो वगळतो.

दर्शनप्रकरण

आता मुख्य सिद्धान्त. ग्राहक दोन चकत्यांची आवृत्ती दीडपट किंमत देऊन घेतो ती दुसऱ्या चकतीसाठी. दुसरी चकती तो लावीत नाही. हे चकतीयुगातील जवळपास प्रत्येक घरी प्रत्यक्षप्रमाणाने सिद्ध आहे: पहिल्या चकतीची पाठ धुरकट, दुसरीची आरशासारखी.

वैशेषिक परंपरेने अभावाचे चार प्रकार मानले. आम्ही पाचवा सुचवतो: अनवलोकिताभाव. वस्तू आहे, हाताशी आहे, तिची किंमत दिली आहे, तीमुळे समाधान आहे, आणि तिचे दर्शन घडलेले नाही. अतिरिक्तांगाचे अतिरिक्तत्व याच अभावात आहे. जे निर्मितिवृत्त कोणी तरी बसून पूर्ण पाहिले ते तत्क्षणी साधा माहितीपट बनते; त्याचे परिशिष्टत्व नष्ट होते. यावरून निष्पन्न असे की संग्रहातील सर्वांत शुद्ध चकती ती, जिच्या डब्यावरील पातळ प्लास्टिक फाडलेले नाही. या मताच्या अनुयायांस आवेष्टनवादी म्हणतात. ते एकच आवृत्ती दोनदा घेतात: एक पाहण्यासाठी, जी ते पाहत नाहीत, आणि एक न पाहण्यासाठी.

त्यांचाच उपपंथ क्रमांकवादी. क्रायटेरियनच्या डब्यांच्या कण्यावर क्रमांक असतो. पहिला 'ग्रँड इल्यूजन', दुसरा 'सेव्हन सामुराई'. मौज अशी की पहिला दुसऱ्यानंतर, १९९९ मध्ये निघाला; मधल्या काळात त्याचे अधिक चांगले मूळ निगेटिव्ह हाती आले होते. क्रमांकवादी त्या काळात दुसऱ्याच्या डावीकडे एक बोट जागा मोकळी ठेवीत. ती मोकळी जागा हे आमच्या मते त्या संग्रहातील सर्वोत्तम अतिरिक्तांग होय.

विश्रांतीविषयी एक वाक्य. चकती थांबवून ठेवली असता अनेक प्लेअरांवर डीव्हीडीचे बोधचिन्ह पडद्याच्या कडांवर आपटत तिरके फिरते. ते नेमके कोपऱ्यात जाईल काय, या प्रश्नाने चित्रपटापेक्षा अधिक लोकांना एकत्र बसवले आहे. यावर स्वतंत्र ग्रंथ हवा.

ऋणप्रकरण

मुंबईच्या काळा घोड्याजवळील ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. नेटफ्लिक्सने टपालाने चकत्या पाठवणे २९ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवले, आणि ज्यांच्याकडे ज्या चकत्या होत्या त्या त्यांच्याकडेच राहू दिल्या. चकत्यांचा एक वर्ग गणपतीच्या मखरात गेला, दुसरा ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलण्यास. दोन्ही ठिकाणी त्या अतिरिक्तांगांसह फिरतात. चित्रपट आता नळाच्या पाण्याप्रमाणे घरी येतो. भाष्य बहुधा येत नाही, कारण मोकळा ध्वनिमार्ग कोणाला मोजायचा नसतो.

उरतो उसनवारीचा प्रश्न. तो अद्याप जिवंत आहे, कारण उसन्या चकत्या अजून परत आलेल्या नाहीत. याचे तीन प्रकार. पूर्णऋण: डबा व चकती दोन्ही गेली. विपर्यस्तऋण: डबा परत आला, आत निराळीच चकती. रिक्तकोश: डबा परत आला, वजनाला बरोबर वाटला, आत पुस्तिका होती, चकती नव्हती, ती नेणाऱ्याच्या प्लेअरमध्येच राहिली. पहिल्यात धनको मागू शकतो. दुसऱ्यात दोन्ही पक्ष एकमेकांचे धनको असल्याने गप्प राहतात. तिसऱ्यात मात्र पेच आहे: डबा ज्याचा त्याची चकती, की चकती ज्याच्याकडे त्याचा डबा? डबावादी म्हणतात, नाव व क्रमांक डब्यावर असल्याने स्वामित्व डब्यास अनुसरते. चकतीवादी म्हणतात, डब्याने चित्रपट दिसत नाही. प्लेअरवादी नामक तिसरा पक्ष नव्याने पुढे आला असून त्याचे म्हणणे असे की, तो प्लेअर २०१५ च्या दिवाळीत जुन्या मिक्सरसह भंगारवाल्यास दिला, ट्रे तेव्हा उघडत नव्हता, आणि आत काय होते ते भंगारवाल्यास विचारावे.